वाफसा येईपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या आबांना

प्रिय आबा,

तुमचं नाव माझ्या वहीत आहे, पण इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. त्या दिवशी तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मनातल्या मनात मी तुम्हाला आबाच म्हणत होते. तेच राहू दे.

स्पॅनिशमध्ये दोन पानी पत्र पोस्टाने पाठवलंय. त्यात ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, सात वेळा आलंय आणि बाकी धड काहीच आलेलं नाही. दोन वर्षं क्लास लावून इतकंच जमतं. जे राहिलं ते माझ्या भाषेत लिहिते. तुम्हाला वाचता येणार नाही, पण तुमचं नाव न घेता चार लोकांना तुमच्याबद्दल कळेल.

आधी माफी. तुमच्या सातूच्या कडेने पन्नासएक पावलं चाकाचा चर पडला होता, तो माझाच. तुम्ही ट्रॅक्टर थांबवलात तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नाही, त्या चराकडे पाहिलंत. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, ती नजर मला ओळखीची आहे. बार्शीकडे आमच्या बांधावरून कुणाची मोटरसायकल गेली की वडील असेच आधी पिकाकडे बघतात, मग माणसाकडे. तुम्ही चिडून दोन वाक्यं बोललात, ती मला कळली नाहीत आणि कळली नाहीत तेच बरं.

चूक सगळी माझी. स्पेनमधल्या बुर्गोसहून भाड्याची माउंटन बाइक घेऊन मी सान्तियागोच्या यात्रेला निघाले होते, पाचशे किलोमीटरला थोडं कमी. पायी जाणाऱ्याला यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पुरतात, सायकलवाल्याला 200 लागतात, त्यामुळे माझ्याकडे भरपूर शिल्लक होते आणि घाई करायचं कारण नव्हतं. कास्त्रोखेरिसला मुक्काम केला त्या रात्री पाऊस झोडपून पडला. सकाळी कॉफी देणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘आज डांबरी रस्त्याने जा.’ मी मान डोलावली आणि मातीच्या वाटेला लागले. सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालवते, हे काय मला चिखल शिकवणार, असं वाटलं.

मोस्तेलारेसचा चढ 12 टक्क्यांचा, किलोमीटरभर. दम काढतो, पण पायाखालची वाट टणक होती, म्हणून माझा शहाणपणा आणखी वाढला. वरून तुमचा मुलूख पाहिला. मे महिना, गहू-सातू हिरवागार, मधूनमधून अमापोलाच्या लाल फुलांचे पट्टे, आणि एकही झाड नाही. आमच्याकडे गहू मार्चमध्ये खळ्यात येतो, तुमचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला अजून पोटरीतून निसवत होता. पलीकडचा उतार 18 टक्क्यांचा, काँक्रीटचा. ब्रेक दाबून दाबून बोटं दुखली. आणि खाली उतरून दोनेक किलोमीटर जाते न जाते तोच तुमच्या मातीने मला धरलं.

सह्याद्रीतला चिखल निसरडा. तो पाडतो, पण सोडतो. तुमचा चिखल धरून ठेवतो. टायरला एक थर बसला, त्यावर दुसरा, मग चाक आणि फ्रेमच्या मधली फट लिंपून गेली आणि मागचं चाक फिरायचंच थांबलं. सायकल उचलावी तर दुप्पट जड. म्हणून मी गवत दिसलं तिथून, म्हणजे तुमच्या सातूच्या कडेने, ढकलत निघाले. कडेला जरा बरं वाटलं म्हणून पुन्हा बसून जोरात पेडल मारलं. ‘कट्’ असा आवाज आला. चेनमध्ये चिखल आणि गवताची दोरी वळली गेली होती, तिने मागचं डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ओढून थेट आऱ्यांत नेलं, आणि ते फ्रेमला जोडणारा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा हँगर मोडला. तो मोडावा म्हणूनच नाजूक करतात, फ्रेम वाचते. पण प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो आणि भाड्याच्या दुकानदाराने जादाचा दिला नव्हता. मीही मागितला नव्हता.

अशा अवस्थेत तुम्ही आलात. पिकाचं बोलून झाल्यावर माझ्या चाकाला चिकटलेला गोळा काठीने उकरलात, मुठीत घेतलात, दाबून लाडू केलात आणि माझ्या पायाशी टाकलात. तो थप्पकन चपटा झाला. मग बोट आभाळाकडे, बोट घड्याळाकडे, आणि एक शब्द: ‘तेम्पेरो.’

आबा, हा शब्द माझ्या क्लासच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. पण तो लाडू मी लहानपणापासून पाहिलाय. पाऊस उघडला की वडील रानात जाऊन मूठभर माती दाबतात आणि खाली टाकतात. चपटी झाली तर घरी परत, फुटून मोकळी झाली तर औत जुंपायचं. आम्ही त्याला वाफसा म्हणतो. ओली नाही, कोरडी नाही, काम करू देणारी माती. इंग्रजीत हेच सांगायचं तर मला एक अख्खं वाक्य लागतं. तुमच्याकडे एक शब्द आहे, आमच्याकडे एक शब्द आहे. मी जोरात ‘वाफसा! वाफसा!’ म्हणाले आणि तुम्ही मला वेड्यात काढलंत. मग मी खाली बसून तोच लाडू करून दाखवला, हाताने औत ओढल्यासारखं केलं, आणि तुमचा चेहरा बदलला. ‘तू शेतातली?’ असं काहीसं विचारलंत. सातूचा विषय तिथे मिटला.

तुम्ही मला सायकलसकट ट्रॉलीत घातलंत. पिसुएर्गा नदीवरचा अकरा कमानींचा जुना पूल मी रिकाम्या पोत्यांवर बसून ओलांडला, बुर्गोस प्रांतातून पालेन्सियात गेले ते अशा थाटात. जन्मात इतकी प्रतिष्ठित एन्ट्री कुठे झालेली नाही.

तुमच्या शेडमधले चार तास मला मिनिटामिनिटाने आठवतात. मी सारखी घड्याळ बघत होते आणि तुम्ही सारखं ‘थांब’ म्हणत होतात. पाणी मारू दिलं नाहीत. आधी लाकडाच्या चपट्या पट्टीने वाळता चिखल खरवडलात, पापुद्र्यासारखा निघाला, मग ओल्या फडक्याने चेन पुसलीत. तुटकं डिरेल्युअर काढून कापडात बांधून माझ्या हातात दिलंत. माझ्या पिशवीतल्या चेन ब्रेकरने आपण चेन कापून आखूड केली, म्हणजे गिअरबिअर नाही, एकाच दातऱ्या चाकावर सायकल चालवायची. पहिल्यांदा चेन लोंबली. दुसऱ्यांदा ती शेजारच्या मोठ्या चाकावर चढली आणि तिढली. तुम्ही ट्रॅक्टरवाले, सायकलच्या चेनला आयुष्यात हात लावला नसेल, पण मागे उकिडवे बसून एका डोळ्याने रेघ पाहिलीत आणि पेडलजवळच्या पुढच्या दातऱ्या चाकाच्या अगदी सरळ रेषेतल्या दातऱ्यावर बोट ठेवलंत. तिसऱ्यांदा बसली. थोडी घट्ट, पण बसली.

मधे तुमच्या बहिणीने लसणाचं सूप आणलं. शिळा पाव, लसूण, पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड आणि वर फोडलेलं अंडं. आमच्याकडे रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा चुरा लसूण-तिखटाच्या फोडणीत टाकतात, त्याचीच ही पातळ बहीण. चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, मी खाल्ला नाही, ताईंना त्याचं वाईट वाटलं असेल तर सांगा की मी शाकाहारी आहे आणि अंडं मात्र मोजत नाही. यावर माझ्या घरीही वाद आहे.

शेडच्या भिंतीला मी हात लावून पाहिला. कच्च्या विटा, वर माती आणि भुशाचा गिलावा. आमच्या गावातल्या जुन्या माळवदाच्या घरांना हाच वास येतो. मागच्या माळावर तुमचं पडकं कबुतरखान्याचं घर होतं, तेही मातीचंच. सकाळी जिला मी शिव्या घालत होते तीच माती.

आणि ते तुम्ही खडूने जमिनीवर काढलेलं चित्र. तुमच्या वडिलांच्या काळी तुमची जमीन अकरा ठिकाणी विखुरलेली होती. मग 1952 च्या कायद्यानंतर तुकडे जोडून दिले, आणि सरळसोट शेतरस्ते आखले. ज्या वाटेवर मी अडकले ती तशीच एक. यात्रेकरूंसाठी नव्हे, ट्रॅक्टरसाठी केलेली. आमच्याकडे तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, आणि तरी आमच्या भावकीत तीन एकराचे पाच बांध आहेत, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. ‘बांध’ला शब्द सापडला नाही. नाहीतर ती चर्चा अजून चालू असती.

साडेतीनला तुम्ही बाहेर गेलात, वाटेवरची माती मुठीत दाबलीत, टाकलीत. फुटली. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त सायकलचं हँडल माझ्याकडे वळवलंत. पैसे काढले तर असं पाहिलंत की मी पाकीट खिशात घालून टाकलं.

पुढचं थोडक्यात सांगते. एका गिअरवर बोआदिया देल कामिनोपर्यंत आठ किलोमीटर गेले. चौकातला 15 व्या शतकातला दगडी स्तंभ पाहिला, ज्याच्यापाशी गावचा न्याय व्हायचा, वर शिंपले कोरलेत. चर्चच्या मनोऱ्यावर करकोचे होते. तिथून कास्तियाचा कालवा. खेचरांनी नावा ओढायच्या त्या काठाच्या सपाट वाटेवर एक गिअर पुरेसा होता, हे तुम्हाला आधीच ठाऊक असणार. 1753 ला सुरू झालेला हा कालवा 1849 पर्यंत खोदत होते, 207 किलोमीटर. धान्य समुद्राला न्यायचं होतं, डोंगर आडवा आला, समुद्र राहिलाच, आणि मग रेल्वे आली. आता पाणी तुमच्या शेजाऱ्यांच्या मक्याला जातं. मला तो फार आवडला, अपुऱ्या राहिलेल्या सरकारी कामांबद्दल मला जिव्हाळा आहे. फ्रोमिस्ताला चार पाणदरवाजे एकाखाली एक, चौदा मीटर उतरणारे, तिथे पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तिथल्या सान मार्तिन चर्चच्या छपराखालचे तीनशेवर दगडी चेहरे बघत बसले. दुसऱ्या दिवशी रेल्वेने पालेन्सिया, तिथे तिसऱ्या दुकानात हँगर मिळाला. सान्तियागोलाही पोचले.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. कॅथेड्रलचे फोटो त्यांनी भराभर सरकवले. तुमच्या शेडच्या फोटोवर थांबले. विचारलं ते एवढंच, ‘पाऊस उघडून किती तास झालं हुतं?’ मी म्हणाले, नऊ-दहा. ‘मग बरोबर थांबवलं की तुला.’ मग चष्मा लावून तुमच्या सातूची ओंबी मोठी करून पाहिली. मी तुडवलेला चर त्या फोटोत कोपऱ्यात दिसतो. तोही त्यांना दिसला. मला दोन शब्द ऐकावे लागले, तुमच्यासारखेच, पण हे मला कळले.

मोडका हँगर माझ्या टेबलावर आहे. वडिलांनी शाळूचं मूठभर बी तुम्हाला पाठवायला काढून ठेवलंय. बी परदेशी असं पाठवता येत नाही, हे त्यांना पटत नाही. त्यांचा एक प्रश्न मात्र पाठवते, स्पॅनिश पत्रात तो शेवटी लिहिलाच आहे: जुलैत काढणी झाली असेल. कडेचा तो पट्टा सोडून, सातूला उतारा किती पडला?

तुमची,
ट्रॉलीतली मुलगी