प्रशिक्षणार्थींनो, माशाच्या तुकड्याचा दर आधी विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे-जूनमध्ये पणजीत इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांचे मानधन बाहेरच्या जेवणातच संपते, याचे वाईट वाटते. सकाळी भाजी-पाव घ्यावा. पातळ आणि सुकी मिसळून 'मिक्स' मागावी, पावाऐवजी पोई, म्हणजे गव्हाच्या कोंड्याचा गोव्यातला पाव. ती दुपारपर्यंत पोटाला आधार देते.

फसगत होते ती दुपारच्या माशाच्या थाळीत. भात, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी थाळीच्या दरात येते. पण रव्यात घोळून तळलेल्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्याचे पैसे अनेक ठिकाणी वेगळे लावतात, तेही आकारानुसार. ताट समोर येण्याआधीच तुकड्याचा दर विचारावा. उशिरा गेल्यास हुमणात नुसता रस उरतो, म्हणून साडेबारालाच बसावे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा इसवण बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली, वर महाग. त्या दिवसांत मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी), अळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) खावे. स्वस्त आणि ताजे.

बिलातले सेवाशुल्क ऐच्छिक आहे, नको असल्यास काढायला सांगावे. आणि हॉटेलवाल्यांनो, तुकड्याचा दर फळ्यावर लिहा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पणजी