तालमीच्या वॉटर पोलो विभागासाठी मदतीचे आवाहन

आपल्या तालीम मंडळाचे सभासद, आजी-माजी खेळाडू, पेठेतील सर्व रहिवासी आणि नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी असलेले कोल्हापूरकर यांना सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या जोडीला मुला-मुलींसाठी वॉटर पोलो विभाग सुरू करावा, असा ठराव मंडळाच्या सर्वसाधारण सभेने मंजूर केला असून त्यासाठी लागणारा निधी व साहित्य लोकवर्गणीतून उभे करायचे ठरले आहे. सभेत काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की फुटबॉल संघाचे बूट आणि प्रवासखर्च भागवताना दरवर्षी ओढाताण होते, मग हा पाण्यातला नवा खेळ कशासाठी? प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी वेळेअभावी त्याचे पुरेसे उत्तर देता आले नाही. ज्यांच्याकडे आम्ही पावतीपुस्तक घेऊन येणार आहोत, त्यांना ते उत्तर आधी मिळायला हवे, म्हणून हे आवाहन थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

वॉटर पोलो हा मुळात फुटबॉलच्याच घरातला खेळ आहे. स्कॉटलंडमधील विल्यम विल्सन यांनी १८७७ च्या सुमारास त्याचे नियम बांधले, तेव्हा लोक त्याला पाण्यातला फुटबॉलच म्हणत. ‘पोलो’ हे नाव मागाहून चिकटले आणि तो शब्द तर आपल्याकडचाच, बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेतील ‘पुलु’ म्हणजे चेंडू यावरून इंग्रजीत गेलेला. पाण्यात प्रत्येक बाजूचे सात गडी असतात, तळाला पाय टेकवायचा नसतो आणि गोलरक्षक सोडून कोणालाही चेंडू दोन्ही हातांनी धरता येत नाही. मोकळी जागा हेरणे, पास देणे, बचाव फोडणे ही सगळी अक्कल फुटबॉलचीच. फक्त ती दमसास टिकवून, तरंगत वापरायची असते.

फुटबॉल क्लबने हा खेळ कसा वाढवावा याचे सर्वांत बोलके उदाहरण हंगेरीतील उय्पेश्तचे आहे आणि ते आपल्याला फार जवळचे वाटते. उय्पेश्त म्हणजे ‘नवे पेश्त’. डॅन्यूब नदीकाठचे हे कारखान्यांचे गाव आज बुडापेस्ट शहरात असले, तरी १९५० पर्यंत त्याचा कारभार स्वतंत्र होता. विजेचे दिवे बनवणारा टंग्सराम कारखाना तिथलाच. या गावात १८८५ मध्ये यानोश गॉल नावाच्या शिक्षकाने एक व्यायामसंस्था काढली. तिचे नाव ‘उय्पेश्ती तोर्ना एग्लेत’. त्यातील ‘तोर्ना’ या शब्दाचा अर्थ व्यायाम, कसरत असा आहे. थोडक्यात, ती एक तालीमच होती. फुटबॉल तिथे नंतर आला आणि आपल्या तालमींप्रमाणेच मूळ संस्थेपेक्षा मोठा झाला. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेतील कोणाही जाणत्याला हा क्रम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांतला ‘तालीम’ हा शब्द तीच साक्ष देतो.

वॉटर पोलो हंगेरीत आला तो १८९९ मध्ये. बालातोन सरोवराच्या काठी शिओफोक येथे पहिला सामना झाला आणि पुढच्या तीस वर्षांत तो जणू त्या देशाचाच खेळ झाला. उय्पेश्तच्या जांभळ्या-पांढऱ्या रंगाच्या फुटबॉल संघाने १९३० ते १९३९ या दहा वर्षांत राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली. त्याच दशकात त्याच क्लबच्या वॉटर पोलो विभागाने एकामागून एक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि ऑलिम्पिक विजेत्या हंगेरी संघाला खेळाडू पुरवले. एका विभागाने दुसऱ्याचे काही हिरावून घेतले नाही, हे आमच्या ज्येष्ठांनी कृपया लक्षात घ्यावे.

त्या खेळाडूंपैकी ऑलिव्हेर हालाशी यांची गोष्ट तर प्रत्येक तालमीत मुलांना सांगितली पाहिजे. १९०९ मध्ये उय्पेश्तमध्येच जन्मलेल्या या मुलाचा डावा पाय लहानपणी ट्रामच्या अपघातात गुडघ्याखाली कापावा लागला. फुटबॉलचे मैदान त्याला बंद झाले, पण त्याच क्लबच्या पाण्याने त्याला घेतले. वॉटर पोलोत पाण्याखालच्या पायांच्या लाथेवरच खेळाडू छातीपर्यंत वर उसळतो. तिथे एका पायाने खेळणे म्हणजे काय, हे पोहणाऱ्यालाच कळेल. हालाशी १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक विजेत्या संघात होते आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला व १९३६ मध्ये बर्लिनला सुवर्णपदक विजेत्या संघात. बर्लिनमध्ये यजमान जर्मनीशी सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि गोलांच्या सरासरीवर हंगेरीला सुवर्ण मिळाले. एवढ्यावर न थांबता हालाशींनी १९३१ मध्ये पॅरिसला १५०० मीटर फ्रीस्टाइलचे युरोपीय विजेतेपदही जिंकले, आणि तेही दोन धड पाय असलेल्या जलतरणपटूंना मागे टाकून. आपल्या नव्या विभागात दिव्यांग मुलांना पहिल्या दिवसापासून प्रवेश राहील, असे जे ठरावात लिहिले आहे, त्याच्या मागे हेच उदाहरण आहे.

आणखी एक नाव सांगणे आवश्यक वाटते. आल्फ्रेद हायोश तेरा वर्षांचे असताना त्यांचे वडील डॅन्यूबमध्ये बुडून वारले. त्यानंतर ते जिद्दीने पोहणे शिकले आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये थंडगार समुद्रात पोहून त्यांनी दोन सुवर्णपदके मिळवली. ते फुटबॉलही खेळले आणि पुढे वास्तुविशारद झाले. १९२२ मध्ये खुले झालेले उय्पेश्तचे फुटबॉल स्टेडियम त्यांनीच आखले आणि १९३० मध्ये डॅन्यूबमधील मार्गारेट बेटावर उभा राहिलेला बंदिस्त जलतरण तलावही त्यांचाच. मैदान आणि तलाव एकाच माणसाच्या हातून घडावेत, हा योगायोग आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आपल्या देशालाही हा खेळ परका नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताने चिलीला ७-४ असे हरवले. त्यातले चार गोल सचिन नाग यांचे होते. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्ण मिळाले, हे सर्वांना आठवते. त्याच स्पर्धेत वॉटर पोलोचे सुवर्णही आपलेच होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे १९७० मध्ये रौप्य आणि १९८२ मध्ये कांस्य मिळाले. पंचगंगेच्या घाटावर आणि विहिरींत पोहायला शिकणाऱ्या, वीरधवल खाडेसारखा ऑलिम्पिक जलतरणपटू घडवणाऱ्या या गावात या खेळाला माणसे कमी पडतील असे आम्हाला वाटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर पाण्यात दीर्घकाळ तरंगून एका हाताने काम करू शकणारी तरुण मुले प्रत्येक पेठेत असणे, ही गरज झाली आहे.

आता प्रत्यक्ष मदतीविषयी. सर्वांत मोठा खर्च तलावाच्या भाड्याचा आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी दीड तास तलाव मिळावा, यासाठी बोलणी सुरू आहेत आणि जीवरक्षक व प्रशिक्षक यांचे मानधनही त्यासोबत द्यावे लागेल. साहित्यात दोन संघांसाठी कान झाकणाऱ्या २६ टोप्या, मुलांच्या मापाचे सहा व मुलींच्या मापाचे सहा चेंडू आणि तरंगत्या गोलपोस्टची एक जोडी लागेल. ही जोडी विकत घेण्याऐवजी येथेच बनवता येईल असे आमचे मत आहे. गोलाची आतील रुंदी ३ मीटर आणि पाण्यापासून आडव्या दांड्याची उंची ९० सेंटिमीटर असते. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारखानदाराने पाइप, वेल्डिंग आणि तरंगते ठोकळे एवढी जबाबदारी उचलली, तर जाळी विणण्याचे काम मंडळाचे जुने खेळाडू करणार आहेत.

रोख देणगी देणाऱ्यांनी मंडळाची छापील पावती घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. रक्कम कितीही लहान असली तरी ती स्वीकारली जाईल. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांवर आणि लोकांनी दिलेल्या वर्गणीवर, हे या गावाने पाहिले आहे. आम्ही कोणाकडे घर मागत नाही. एका मुलाचे एका महिन्याचे तलावभाडे मागतो. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी वेळ द्यावा: पट्टीच्या पोहणाऱ्यांची काठावर देखरेखीसाठी गरज आहे आणि मुलींच्या गटासाठी महिला स्वयंसेवक विशेष हव्या आहेत.

जमा-खर्चाचा हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तालमीच्या फलकावर लावला जाईल. देणग्या आणि साहित्य दररोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत तालमीत स्वीकारले जाईल. मुलांची नावनोंदणीही तिथेच होईल; येताना पालकांनी मुलाला पोहता येते की नाही एवढे सांगावे, येत नसेल तर आधी तेच शिकवले जाईल.

आपले,
अध्यक्ष, कार्यकारिणी व वॉटर पोलो समिती