आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे लाइम नाही, असं नसतं

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराबद्दल लिहितोय. नवीन हॉस्पिटल वगैरे काही मागत नाहीये. फक्त लॅबच्या रिपोर्टवर एक ओळ छापायला लावा, की सुरुवातीच्या आठवड्यांत टेस्ट निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो.

होतं काय, पेशंट ताप, अंगदुखी आणि मांडीवरचा चट्टा घेऊन येतो, डॉक्टर ब्लड टेस्ट लिहून देतात, ती निगेटिव्ह येते आणि व्हायरल आहे म्हणून त्याला घरी पाठवतात. अहो पण ही टेस्ट बॅक्टेरिया शोधतच नाही, शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीज शोधते, आणि त्या पुरेशा तयार व्हायलाच काही आठवडे जातात! चट्टा मात्र गोचीड चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो, बहुतेकांना उठतो, हळूहळू पसरत ५ सेंटीमीटरच्या पुढे जातो, आणि सहसा फारसा खाजत किंवा दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही. तो ओळखता आला तर टेस्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक सुरू करता येतं.

आता ओळखायचा कसा, तर पुस्तकातली ती गोलात गोल रिंग दर वेळी नसतेच, बऱ्याचदा नुसता एकसारखा लाल डाग असतो आणि सावळ्या अंगावर तो लालही दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना सर्क्युलर पाठवाल तेव्हा सावळ्या त्वचेवरचे फोटोही टाका, प्लीज. आणि "गोचीड चावली होती का?" एवढंच विचारून थांबू नका म्हणावं. पिल्लू गोचीड खसखशीएवढी असते, चावलेलं कळतही नाही. गवतात, झाडीत गेला होतात का, हे विचारायला हवं.

हे हुकलं की काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी तोंड वाकडं होणं, हृदयाचे ठोके मंदावणं, गुडघा सुजणं असलं काहीही समोर येऊ शकतं. तेव्हा टेस्ट खरंच कामाची, आधी एलायझा ही अँटीबॉडीजची पहिली टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तर खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट ही दुसरी. उलट बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा टेस्ट करण्यात अर्थ नाही, अँटीबॉडीज वर्षानुवर्षं राहतात. या आजाराच्या भीतीवर काहीजण सिद्ध न झालेल्या टेस्ट विकतात आणि महिनोन्महिने अँटिबायोटिक देतात, त्यांच्याकडेही जरा बघा.

बॅक्टेरिया १९८२ सालीच सापडलाय साहेब, नवं संशोधन नकोय. मला उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल, सर्क्युलर तेवढं काढा.

आपला,
एक नागरिक