उतारावर करवंदच लाव

कोल्हापूर,
५ जून

प्रिय सतीश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिकडच्या पाइनखाली पसरलेलं ते विंटरग्रीन डोळ्यांपुढे उभं राहिलं. उंची वीतभरसुद्धा नाही, बारा महिने हिरवं, बर्फातही टिकणारी लाल फळं आणि पान चुरगळलं की दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास! गगनबावड्याच्या तुमच्या उतारावर ते लावायची तुझी इच्छा मला कळते. त्याला आंबट माती हवी, सामू (म्हणजे पीएच) साडेचार ते सहा. जांभ्याची माती आंबटच. पावसानं तिच्यातला चुना धुऊन नेलाय, लोखंडाचा तांबडेपणा तेवढा मागं राहिलाय. पण गड्या, ते थंड मुलखातलं झाड. आपला एप्रिल-मे त्याला सोसायचा नाही. शिवाय परवान्याशिवाय रोपं देशात आणता येत नाहीत.

तू करवंद लाव. तीही सदाहरित, तीही आंबट मातीत सुखी, आणि कातळाच्या फटीतसुद्धा मूळ धरते. मोकळी सोडली तर पुरुषभर वाढते, म्हणून फळं संपली की पावसाच्या तोंडावर गुडघ्याइतकी छाटायची. मग ती आडवी फुटते, दाट होते आणि धो धो पावसातही माती धरून ठेवते. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांचा वास सगळ्या उतारावर पसरतो, त्या वासासाठीच मी दरवर्षी पन्हाळ्याच्या वाटेवर थांबतो.

एक गोष्ट मात्र मी चुकलो, ती तू करू नकोस. मागच्या साली बिया डब्यात जपून ठेवल्या आणि यंदा पेरल्या. एकही उगवली नाही. करवंदीचं बी फार दिवस जगत नाही. फळातून काढलं, चिकट गर धुतला की लगेच पेरायचं. म्हणून काल बाजारात पळसाच्या द्रोणात शेवटची करवंदं दिसली, ती सगळी घेऊन आलो. बी निवडताना प्रत्येक फळ फोडून बघत होतो, कोंबडा की कोंबडी. लाल निघालं की अजून तेवढाच आनंद होतो बघ.

शंभरेक पिशव्या भरून झाल्यात. वाढ सावकाश असते, म्हणून रोपं पुढच्या आषाढात उतारावर नेईन, हात-दीड हात अंतरानं. मातीत चुना टाकायचा नाही, एवढं तुमच्या गड्याला फोनवर बजावून सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास