दादाच्या काळ्या रंगावरून

कोल्हापूर, रविवार

प्रिय संत्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. उचलले असते तर दादाचा विषय निघाला असता, आणि तुझ्याशी खोटं बोललो की माझा आवाज चिरकतो हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. बाकी मी बरा, आईचे गुडघे तसेच.

पाण्यातला कापडाचा रंग ओळखणारं पॉलिमर चाललं रे! तू मागं हसून विचारलेलंस, ‘पावडर टाकून काय कळतंय मर्दा?’ तर ऐक. रिअॅक्टिव्ह ब्लॅक 5 चे, म्हणजे कापडाच्या काळ्या रंगाचे रेणू, त्यांना धरून ठेवणारं व्हिनाइलपिरिडीन आणि सगळ्याला जखडणारं डायमेथाक्रिलेट एकत्र करून 60 अंशांवर ठेवायचं. घट्ट गोळा होतो. तो कुटायचा, चाळायचा आणि मिथेनॉल-अॅसेटिक अॅसिडनं आतला रंग धुऊन काढायचा. अप्पांनी अंगणात केलेल्या ओल्या कोब्यात मोत्याचे पाय उमटले होते ना, तशा त्या रंगाच्या मापाच्या खाचा मागं राहतात. पाण्यात टाकलं की तोच रंग त्यात जाऊन बसतो. बाकीचेही चिकटतात, पण कमी. खाचांमुळं किती बसला आणि नुसताच किती चिकटला ते कळावं म्हणून रंग न घालता केलेलं कोरं पॉलिमर सोबत ठेवायचं. धुणं हा मात्र छळ. मिथेनॉल स्वच्छ दिसलं तरी आत रंग दडलेला असतो, तो नंतर हळूच बाहेर येतो आणि मग डिस्टिल्ड वॉटरमध्येसुद्धा प्रदूषण सापडतं. गाईड म्हणाले, पंचगंगा आता लॅबच्या नळालाच आली वाटतं.

खरी वाट दादानं दाखवली. पाकिटातल्या रंगावर सगळं बेतलंय असं सांगितलं तर खो खो हसला. ‘पाकिटातला रंग नदीत जात नाही, बाळा. सोड्यात पाण्याशीच लागून कामातून गेलेला जातो.’ बरोबर आहे त्याचं. कापडाला न लागलेला रंग अल्कलीत पाण्याशी जुळतो, रेणूचं टोकच बदलतं. रसायनशास्त्र मी शिकलो आणि शिकवलं मला त्यानं. मग स्वतः आपल्या डाईंगचं गेट उघडून, सीईटीपीकडं, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडं जायच्या आधीचं पाणी त्यानं मला कॅनमध्ये भरून दिलं. इचलकरंजीतल्या बाकीच्या प्रोसेसवाल्यांनी मला चहा पाजला, पाणी दिलं नाही.

आता घोळ बघ. काळ्या ओढ्यात आणि खाली तेरवाड बंधाऱ्याला माझं पॉलिमर तो काळा रंग दाखवतंय. नदीच्या पाण्यातलं मीठ मध्ये येऊन आकडा पाडतं, तरी दिसतोच. तो रंग अख्खं गाव वापरतं, तुला मी काय सांगू. पण माझ्या रिसर्च पेपरातल्या तक्त्यात कारखान्याचं म्हणून एकच पाणी आहे, दादाचं. वरच्या ओळीत दादा, खालच्या ओळीत नदी. नाव नसेल, ‘कारखाना अ’ असेल, पण माझी गाडी कुणाच्या दारात उभी असायची हे नाक्यावरच्या टपरीला माहीत आहे.

वर गंमत अशी की डोळ्यांदेखत पिरोजी पाणी वाहत असतं आणि माझं पॉलिमर त्याला ओळखही देत नाही. त्या रंगाचा रेणू वेगळाच, मध्यात तांबं असलेला, ह्या खाचांत बसणार कसा? म्हणजे ज्यानं पाणी दिलं तोच पकडला जातोय. ज्यानं नाही दिलं तो यंत्रालाही दिसत नाही. गाईड म्हणतात, पद्धतीचा पेपर आहे, नदीचा नव्हे. वाचणारे तसं वाचतील होय?

दादाला विचारलं. ‘छाप की, लपवायचंय काय त्यात?’ म्हणाला. वहिनी गेटपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘भावजी, नाव नाही ना येणार?’ त्यावर मी काय बोलणार सांग.

तू तिरुपूरला निघालास तेव्हा मी तुला पळपुटा म्हटलेलं. 2011 ला हायकोर्टानं तिथली डाईंग बंद करायला लावली, तिथं कशाला मरायला जातोस म्हणून. तू म्हणालास, पाणी बाहेर न सोडता रंगवायचं तिथंच शिकायला मिळेल. ते पटलं, पण पळपुटा मागं घेत नाही. तू इथं असतास तर चार जणांच्या पिंपातलं पाणी मला मिळालं असतं.

तर काम असं. तक्त्यात निदान चार-पाच वेगवेगळी पाणी येईपर्यंत मी पेपर धाडणार नाही, गाईड तोंड वाकडं करोत. दादाच्या मित्रमंडळींत कुणाला विचारता येईल ते तू सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. घराचं कळलं, लई भारी. चिमीला तमिळ येतंय म्हणे, आता तुला ती विकून खाईल.

आणि तिकडून पिरोज्याचं पाकीट नको, वापरून झालेलं पाणी पाठव. बाटलीचं झाकण टेपनं बांध. मागच्या वेळी लोणच्यानं कुरिअरवाल्याची बॅग रंगवली होती, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तुझा,
बाळ्या