‘नष्ट’ नाही, नुसता बंद पडलाय!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवामान उपग्रहांवरच्या तुमच्या लेखात ‘टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह ७८ दिवसांनी नष्ट झाला’ असं छापून आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, नष्ट कुठे झाला, तो अजून वरच फिरतोय! १ एप्रिल १९६० ला सोडला होता (तारीख बघून हसू नका), जूनमध्ये त्याची इलेक्ट्रिक सिस्टीम बिघडली आणि तो मुका झाला, एवढंच. तोपर्यंत त्याच्या दोन टीव्ही कॅमेऱ्यांनी हजारो फोटो पाठवले होते, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रातलं एक चक्रीवादळसुद्धा त्यात सापडलं, आणि हे सगळं कॅमेरे प्रत्येक फेरीत थोडाच वेळ पृथ्वीकडे बघत असताना, कारण तो स्वतःभोवती गरगरत असायचा आणि त्याचा अक्ष एकाच दिशेला रोखलेला असायचा.

मी गेले काही महिने त्याच्या मागे लागलोय. उपग्रहांच्या सरकारी कॅटलॉगमध्ये त्याचा नंबर २९ आहे, म्हणजे बघा किती सुरुवातीचा! त्या नंबरावर कक्षेचे आकडे मिळतात, दोन ओळींचे, ते सॉफ्टवेअरमध्ये टाकले की कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता जाणार ते कळतं. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, जेमतेम एक मीटरचा डबा, तोही सहाशे-सातशे किलोमीटरवर. सूर्यास्तानंतर तासाभराने, खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन अशा वेळी दुर्बीण आधीच त्या ताऱ्यावर लावून ठेवायची आणि अजिबात हलायचं नाही. दहा-बारा सेकंदांत खेळ खलास.

पहिल्या तीन वेळा मला काहीच दिसलं नाही. चूक माझीच, आकडे जुने वापरले होते. तिकडे अगदी विरळ का होईना हवा आहे, ती त्याला हळूहळू खाली ओढते, आणि खाली आलेला उपग्रह फेरी लवकर संपवतो, म्हणजे मी दुर्बीण लावायच्या आधीच स्वारी निघून गेलेली! त्यात सूर्य खवळलेला असला की वरची हवा फुगते आणि ओढ अजून वाढते, म्हणून आकडे ताजेच लागतात. चौथ्या वेळी मात्र बरोबर ठरलेल्या मिनिटाला एक फिकट ठिपका दुर्बिणीतून सरकत गेला. एवढ्याशा ठिपक्यासाठी एवढा खटाटोप कशाला असं घरच्यांना वाटतं, वाटू दे.

त्याच्याही आधीचा, फेब्रुवारी १९५९ चा ढग मोजायला पाठवलेला व्हॅनगार्ड-२ पण वर आहे, त्याचं डगमगणं मात्र थांबलं नाही म्हणून माहिती फारशी कामाची निघाली नाही. तुम्ही स्पेस स्टेशन कधी दिसणार ते छापता, चांगलंय, पण त्याच चौकटीत खाली एक ओळ या म्हाताऱ्यांसाठी ठेवता आली तर बघा. ते नाही जमलं तरी चालेल, पुढच्या अंकात निदान ‘नष्ट झाला’ च्या जागी ‘बंद पडला’ अशी दुरुस्ती तेवढी छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक