सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावर पुढे काय?

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोळिकोडला भर पावसात उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले बोइंग ७३७ धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. १९० जणांपैकी २१ गेले, त्यात दोन्ही वैमानिक. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी विरुद्ध टोकाकडून, टेलविंड म्हणजे मागून येणारा वारा घेऊन विमान आले. चाके टेकायला हवीत पहिल्या ३,००० फुटांत; ती टेकली ४,४३८ फुटांवर, आणि धावपट्टी ८,८५८ फुटांची. तीही ओली.

चाके टेकण्याआधी सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले होते.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी हवा स्वच्छ होती. तिथेही सहवैमानिकाने तीनदा तेच सांगितले, तरी विमान उतरवले गेले आणि १५८ माणसे दगावली. म्हणून सगळे खापर पावसावर फोडू नका, ही कळकळीची विनंती.

७३७ मध्ये गो-अराउंड म्हणजे इंजिनांची ताकद वाढवणारे टोगा बटण दाबणे, पंखांचे फ्लॅप १५ वर आणणे, विमान चढते आहे याची खात्री करून चाके उचलणे. चाके टेकल्यावर एकदा रिव्हर्सर (इंजिनांचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारे) उघडले की हा मार्ग बंद. म्हणजे हातात असतात ते मोजके सेकंद, आणि तेवढ्यात ज्येष्ठाचा मान राखत बसायला वेळ नसतो.

नियम कागदावर आहेत. सरावात मात्र ‘गो-अराउंड’ म्हणणे शिकवले जाते, ते ऐकले गेले नाही तर ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणून विमान हाती घेणे पुरेसे घोटून घेतले जात नाही. सिम्युलेटरच्या प्रत्येक तपासणीत रात्र, पाऊस, टेलविंड, बंद वायपर आणि मुद्दाम गप्प राहणारा कॅप्टन, असा एक प्रसंग सक्तीचा करा. अस्थिर अप्रोच (उतरण्याआधी वेग, उंची किंवा दिशा ठरल्याप्रमाणे नसणे) असूनही उतरलेले प्रत्येक विमान फ्लाइट डेटामधून शोधा. गो-अराउंड करणाऱ्याला मात्र इंधनाचा जाब कोणीही विचारता कामा नये.

टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, टोकाला उतार असलेल्या धावपट्टीच्या टोकाला ठिसूळ, हलक्या काँक्रीटचे ठोकळे बसवता येतात. चाके त्यांत रुततात आणि विमान थांबते. कोणत्या विमानतळावर ते कधी बसणार, याची तारीख जाहीर करा.

आपले,
हवाई सुरक्षेच्या क्षेत्रातील काही जण